नागपुरात बांधलेली होडी, रेवदंडा ते हर्णे: रात्रीच्या प्रवासाच्या नोंदी

होडी अठरा फुटी आहे. सांगाडा बल्लारपूरच्या सागवानाचा, अंग ७१० मार्कच्या मरीन प्लायचं, वरून इपॉक्सी (कालवल्यावर घट्ट होणारी राळ) आणि काचकापड. पुढे दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी खोली, मागे उघडी बैठक, एक डोलकाठी, दोन शिडं आणि पाच हॉर्सपॉवरचं मशीन. हिंगणा रोडच्या एका शेडमध्ये मी आणि माझ्या भाच्याने दोन वर्षं सुट्ट्या घालवून ती बांधली. नाव ठेवलं ‘कन्हान’. बांधकामाबद्दल इथे लिहीत नाही. फक्त एक सांगतो: मे महिन्यात नागपुरात दुपारी इपॉक्सी कालवू नका. डब्यातच धूर निघतो आणि ब्रश आत चिकटून राहतो. माझे चार हजार रुपये असेच गेले. पहाटे पाच ते आठ एवढंच काम करा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये होडी रामटेकजवळच्या खिंडसी तलावात परवानगी घेऊन उतरवली. गळती नाही, तोल चांगला. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात अंबाझरीवर शीड धरायला शिकलो होतो, ते हाताला आठवत होतं. आता समुद्रात एक पूर्ण रात्र काढायची आहे. पुढच्या नोंदी फक्त त्या रात्रीच्या तयारीच्या आणि त्या रात्रीच्या. तलावावर शिकलेल्या माणसाला समुद्रावर रात्र काढायची असेल, तर त्याच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो आहे.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. जुने दहा वॅटचे तीन बल्ब बसवले, घरी पडलेली कारची बॅटरी जोडली, संध्याकाळी सहाला चालू केले आणि शेडमध्येच खाट टाकून झोपलो. रात्री दोनला पाहिलं तर दिवे पिवळे पडले होते. तीनला बंद.

तीस वॅट म्हणजे अडीच अँपिअर. बारा तासांचे तीस अँपिअर-तास होतात. बॅटरीवर पस्तीस लिहिलंय, पण कारची बॅटरी गाडी सुरू करण्यासाठी असते, रात्रभर हळूहळू रिकामी करण्यासाठी नाही. हे गणित कागदावर आधी मांडलं असतं तर एक आठवडा वाचला असता. सोलरला वापरतात ती चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी आणली, ₹४,७००. बल्बऐवजी तीन-तीन वॅटचे पांढरे एलईडी. आता रात्रभराचा खर्च नऊ अँपिअर-तास.

१५ डिसेंबर, रविवार

खिंडसीवर रात्रीची पहिली चाचणी. भाचा होडीत, मी टॉर्च घेऊन काठावर, मध्ये सुमारे किलोमीटरभर अंतर. फोनवर त्याला सांगितलं, होडी वळव, आता मला लाल दाखव. त्याने दाखवला, पण मला लाल दिसेना. मळकट नारिंगी काहीतरी दिसत होतं, आणि हिरवा तर निळा वाटत होता.

लाल काचेमागे पांढरा एलईडी बसवला की असं होतं. जुन्या बल्बच्या प्रकाशात लाल भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीत फार कमी, त्यामुळे काचेतून बाहेर यायला काही उरतच नाही. रात्री समोरचा माणूस रंगावरूनच ठरवतो की तुमची कोणती बाजू त्याच्याकडे आहे. दोन्ही रंग एकदम दिसले तर तुम्ही सरळ त्याच्यावर येताय. बारा मीटरपेक्षा लहान होडीचे बाजूचे दिवे निदान एक समुद्री मैल (सुमारे १.८५ किलोमीटर) दिसले पाहिजेत असा नियम आहे, आणि आमचे एका किलोमीटरवरच खोटं बोलत होते. लाल काचेला लाल एलईडी, हिरवीला हिरवा. ₹१,१०० गेले आणि एक फेरी वाया गेली.

५ जानेवारी २०२५, रविवार

खिंडसी, दुसरी रात्र. सगळं अंधारात हाताने शोधायचं असं ठरवून गेलो होतो. दोन गोष्टी फसल्या.

मशीनच्या पोटातल्या टाकीत कॅनमधून पेट्रोल ओतताना अर्धा पेला बाहेर सांडलं. पाणी ताटासारखं सपाट असताना ही अवस्था, तर लाटेवर काय होईल! बाहेरची बारा लिटरची टाकी आणि दाबायचा रबरी फुगा असलेली नळी घेतली, ₹६,२००. महाग वाटली, पण समुद्रावर सगळ्यात जास्त समाधान याच खर्चाने दिलं.

दुसरं, खोलीतला पांढरा दिवा. भाच्याने थर्मास शोधायला तो लावला आणि मला पुढची वीस मिनिटं काठ दिसला नाही. दिवा काढून टाकला. दोघांच्या डोक्यावरच्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद चिकटवला.

२६ जानेवारी, रविवार

यादी, दोर, पट्टे. बांधकामावर उंचीवर काम करणारे वापरतात ते दोन सेफ्टी बेल्ट घेतले. होडीच्या टोकापासून मागपर्यंत एक जाड पट्टा ताणून बांधला, बेल्टचा आकडा त्यात अडकवायचा. नियम: अंधार पडल्यावर आकडा लावल्याशिवाय कोणी उठायचं नाही, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणी डोलकाठीपाशी जायचं नाही.

ताईने विचारलं, “दोघंही जाता, एकाला काही झालं तं दुसरा काय करन?” मी तिला बेल्ट दाखवला, लाईफ जॅकेट दाखवलं, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर तिच्या फोनमध्ये घातला आणि निघायची-पोचायची वेळ कागदावर लिहून दिली. दुपारी बारापर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं तेही लिहिलं. असा कागद काठावरच्या एका माणसाकडे असलाच पाहिजे.

५ आणि ६ फेब्रुवारी

आयशर ट्रकवर होडी. समृद्धीने इगतपुरीपर्यंत, पुढे कसारा घाट उतरून रेवदंड्याला. भाडं ₹३६,०००, एका बाजूचं. पट्टा घासून डाव्या अंगाचा रंग हातभर गेला. पट्ट्याखाली गोधडीचे तुकडे घाला, आम्ही फक्त पोतं घातलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कुंडलिकेच्या खाडीत होडी उतरवली. ट्रॅक्टर आणि चार माणसं, ₹१,५००.

इथल्या एका तांडेलाने, म्हणजे मच्छीमार होडीच्या प्रमुखाने, भरतीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आज दशमी, म्हणजे साडेसात. भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघाला. हिशोब बोटांवर होतो आणि बॅटरी लागत नाही. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे लेखी कळवलं: होडीचे कागद, दोघांचे आधार, कुठून कुठे, कधी. अर्धा दिवस लागला. तो धरूनच बेत आखा.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसा बाहेर चाचणी. तलावावर लाट येते आणि जाते. समुद्रावर ती न संपणारी असते, आणि खोलीत खाली मान घालून दोर सोडवायला गेलो तर पाच मिनिटांत पोटात ढवळायला लागलं. भाच्याला काही झालं नाही.

नांगर धरेना. हिंगण्याला करून घेतलेला आठ किलोचा नांगर नुसत्या नायलॉनच्या दोराला बांधला होता. दोर वर ओढला की नांगराचा दांडा वर उचलला जातो आणि फाळ वाळूत रुततच नाहीत. तांडेलाने त्याच्या होडीतून पाहिलं आणि हातानेच खूण केली: साखळी. अलिबागहून पाच मीटर साखळी आणली, ₹२,३००. संध्याकाळी पुन्हा टाकला, पक्का धरला.

होकायंत्र तपासलं. कोर्लईच्या दीपगृहाकडे तोंड करून नकाशावरचा कोन आणि होकायंत्राचा आकडा जुळवला. दोन अंशांच्या आत. समाधानाने वहीत बरोबरची खूण केली. ही खूण लक्षात ठेवा.

९ फेब्रुवारी, रविवार. निघण्याआधी

आमचा बेत दुपारी चारला निघायचा होता. रेवदंडा ते हर्णे सरळ रेषेत सुमारे पंचेचाळीस समुद्री मैल, बाहेरून वळसा धरला की पन्नासच्या आसपास. ताशी चार मैल धरले तर बारा तास. तांडेल म्हणाला, “चारला नको, दादा. तवा पानी उतरलेला असते, वर वायव्येचा वारा. तोंडावर दांडा हाय, तिकडं लाटा फुटतान. सातला जा.”

दांडा म्हणजे खाडीच्या तोंडावर साचलेला वाळूचा बांध. आज बारस, भरती नवाला. सातला पाणी चढत असतं, वारा आणि पाणी दोन्ही आतल्या दिशेने, म्हणून लाट आखूड आणि उभी होत नाही. चुकून वाळूला टेकलो तरी चढतं पाणी उचलून सुटका करतं. शिवाय चारला निघालो असतो तर हर्ण्याला पहाटे चारच्या अंधारात पोचलो असतो, आणि हर्ण्याला सुवर्णदुर्गाभोवती खडक आहेत. अनोळखी ठिकाणी उजेडात पोचायचं, हे मला माहीत होतं. तरी बेत आखताना मी फक्त निघण्याचा उजेड पाहिला होता.

सहा वाजता भाच्याने फोनचा होल्डर सुकाण्यासमोर बसवला, म्हणजे नकाशा समोर दिसेल. मीच त्याला तसं सांगितलं होतं.

९ फेब्रुवारी, रात्र

७.०५. मशीन चालू, खाडीच्या तोंडातून बाहेर. दांड्यावर तीन मीटर पाणी मिळालं. डावीकडे कोर्लईचा डोंगर काळा, वर बारशीचं चांदणं.

९.१५. किनाऱ्यापासून पाच मैल बाहेर. मशीन बंद, दोन्ही शिडं, मागून वायव्येचा मस्त वारा, वेग साडेचारपर्यंत. होकायंत्रावर १७० अंश, म्हणजे जवळजवळ दक्षिण, धरायचं असं भाच्याला सांगितलं आणि मी झोपायला गेलो. फोनची स्क्रीन बंद केली, डोळ्यांना त्रास नको म्हणून.

११.००. गजर झाला. बाहेर आलो आणि डावीकडे एक तटबंदी दिसली. चांदण्यात स्पष्ट, बुरुजासकट. पद्मदुर्ग. तो इथून दिसायलाच नको होता.

“काहून रे, एवढा किनारा जवळ कसा आला?”

“मामाजी, मी तं एकशे सत्तरच धरून राहिलो. हे पहा.”

त्याने खरंच १७० धरलं होतं. फोन उघडला. किनारा दोन मैलांवर, आणि आम्ही त्याच्याकडे तिरके जात होतो. कासा किल्ल्याच्या, म्हणजे पद्मदुर्गाच्या आसपास खडक आहेत, पुढे जंजिरा, त्यापुढे राजपुरीच्या खाडीत दिघी बंदराला येणारी जहाजं. सुकाणू फिरवलं, सरळ पश्चिमेला निघालो.

कारण सापडायला पंधरा मिनिटं लागली. आधी प्रवाहावर संशय घेतला, मग वाऱ्यावर. मग मी फोन होल्डरमधून काढला आणि होकायंत्राची तबकडी डोळ्यांदेखत फिरली. होल्डर चुंबकाचा होता. होकायंत्रापासून वीतभर अंतरावर.

हे मी सविस्तर लिहितो, कारण या चुकीत कोणी आळस केला नव्हता. होकायंत्र आम्ही आदल्या दिवशी तपासलं होतं आणि ते बरोबर होतं. चूक त्यानंतर होडीत आली. खूण केलेली होती म्हणून कोणी पुन्हा पाहिलं नाही. तलावावर हे कळण्याचा प्रश्नच नव्हता. खिंडसीत होकायंत्राकडे बघायची गरज पडत नाही, काठ दिसतो.

दुसरं, वही. दर तासाला अक्षांश-रेखांश लिहायचे असं ठरलं होतं. दहाची नोंद वहीत आहे, भाच्याच्या अक्षरात, दोन्ही आकडे बरोबर. पण कागदाच्या नकाशावर टिंब कोणी मारलं नाही. मारलं असतं तर दहालाच कळलं असतं. त्याला फक्त लिहायला मी सांगितलं होतं, टिंब मारायला सांगितलं नव्हतं.

चाळीस मिनिटं पश्चिमेला. होल्डर खोलीत मागच्या कोपऱ्यात टाकला.

१० फेब्रुवारी, सोमवार

१२.२०. वारा पडला. मशीन.

१.३५. दिवेआगरच्या समोर कुठेतरी. समोर लुकलुकणारे दिवे, एक पांढरा, लांबवर एक हिरवा. जाळ्याच्या टोकाला बांधलेले. मला वाटलं दोन वेगळी जाळी आहेत, मधून जाऊ. एकच जाळं होतं. मशीनने आचका दिला, मग नुसतं घोंघावायला लागलं, पण होडी पुढे जाईना. पंख्यात दोर अडकला होता आणि पंख्याची पिन तुटली होती. ती पिन मुद्दाम मऊ असते. ती तुटते, म्हणून मशीनचे दात वाचतात.

मशीन वर उचललं. दोर कापायचा नाही हे आधीच ठरलं होतं, जाळं हा कोणाचा तरी संसार आहे. भाच्याने बेल्ट लावून, पालथं पडून, लाल टॉर्चच्या उजेडात वेढे उलटे सोडवले. पंचवीस मिनिटं.

जादा पिन उजव्या बैठकीखालच्या पेटीत होत्या. पेटीचं झाकण उघडेना. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सागवानाच्या रुंद फळीचं झाकण करून मी ते कौतुकाने अगदी घट्ट बसवलं होतं, एका मिलिमीटरची फट ठेवून. तीन दिवसांच्या दमट हवेत फळी फुगली. खिंडसीला हे झालं नाही, कारण खिंडसीची हवा पण नागपूरचीच. शेवटी पेचकस घालून कड फोडली. आणखी वीस मिनिटं, आणि त्यात माझं पोट पुन्हा बिघडलं.

एवढ्यात जाळ्याची होडी आली. आम्ही चूक सांगितली, माफी मागितली. नाखव्याने जाळ्यावर टॉर्च फिरवून पाहिली, मग टॉर्चनेच जाळं कुठून कुठे आहे ते दाखवलं आणि कोणत्या बाजूने जायचं ते सांगितलं. नुकसान विचारलं, तो नाही म्हणाला. त्याच्याकडून कळलं: एका जाळ्याचे दोन दिवे असतात हे धरूनच चालायचं, आणि शंका आली तर दिव्याच्या बाहेरून जायचं, मधून कधी नाही.

२.५०. मशीन पुन्हा चालू. सव्वा तास गेला.

३.३०. जमिनीवरून वारा सुटला. मतलई. ईशान्येचा, थंड, सरळ, लाट नसलेला. मशीन बंद केल्यावर पाण्याचा आवाज ऐकू आला. वेग पाच. या रात्रीतले सगळ्यात सुंदर दोन तास इथून पुढे होते. हरिहरेश्वरचा डोंगर मागे पडला. भाचा झोपला, मी एकटा सुकाण्यावर. साडेचारच्या पुढे चंद्र मावळला आणि तारे पाण्यापर्यंत खाली आले.

एक चूक माझी. शिडाचा दोर अडकला तेव्हा मी भाच्याला न उठवता डोलकाठीपर्यंत गेलो. आकडा लावला होता, पण त्याला उठवलं नाही, बिचारा झोपला आहे म्हणून. परत आल्यावर माझे पाय थरथरत होते. मी पडलो असतो तर त्याला सकाळी कळलं असतं. त्याला उठवून हे सांगितलं. तो काही बोलला नाही, पण नंतर झोपला पण नाही.

दव. नागपूरच्या थंडीत गोधडी कोरडी राहते. इथे पाचपर्यंत शीड, गोधडी, वही, सगळं पिळून काढण्याइतकं ओलं. वहीची शाई पसरली. पेन्सिल वापरा.

७.०५. सूर्य केळशीच्या डोंगरामागून.

९.२०. हर्णे. कनकदुर्गावरचं दीपगृह, समोर सुवर्णदुर्ग, मध्ये मासेमारी होड्यांची गर्दी. आज तेरस, भरती पावणेदहाला, पाणी भरपूर. साखळीसकट नांगर टाकला, पहिल्याच वेळी धरला. ताईला फोन केला. ती म्हणाली, “बाराची वाट कोण पाहते? मी चार वाजतापासून जागी आहो.”

एकूण चौदा तास पंधरा मिनिटं. एक्कावन्न समुद्री मैल, म्हणजे चौऱ्याण्णव किलोमीटर. पेट्रोल नऊ लिटर. बेताप्रमाणे बारा तास लागायला हवे होते. जादा लागलेल्या वेळातले जवळजवळ दोन तास चुंबक, जाळं आणि झाकण यांनी खाल्ले.

१६ फेब्रुवारी, रविवार

नांगरावर असतानाच होल्डर परत जागेवर लावून मोजलं. तोंड दक्षिणेला असताना फरक बावीस अंश. तोंड पश्चिमेला वळवलं तर फक्त सहा. म्हणजे चुकीचा आकडा दिशेप्रमाणे बदलतो, आणि एकदा मोजून वजा करून टाकता येत नाही. होल्डर पट्ट्याचा घेतला, ₹३५०. होकायंत्राच्या हातभर परिसरात फोन, स्पीकर, चाकू, पाना काही ठेवायचं नाही, आणि निघताना सगळं सामान जागेवर लागल्यावर होकायंत्र पुन्हा तपासायचं. आदल्या दिवशीची खूण धरायची नाही.

झाकण रंध्याने चारही बाजूंनी तीन मिलिमीटर कमी केलं, कडांना इपॉक्सी लावली. पिन आता पेटीत नाहीत, मशीनच्या दांड्यालाच चिकटपट्टीने बांधल्या आहेत.

रात्रीच्या तयारीचा खर्च, होडी सोडून: दिवे आणि बॅटरी ₹६,४००, टाकी ₹६,२००, बेल्ट आणि पट्टा ₹३,८००, साखळी ₹२,३००, होल्डर ₹३५०, ट्रक ₹३६,०००, उतरवणं ₹१,५००, पेट्रोल सुमारे ₹९५०. परतीचा ट्रक वेगळा.

होडी मेपर्यंत हर्ण्यालाच राहील. वहीत आता तासाच्या नोंदीशेजारी एक रिकामा चौकोन आखला आहे. नकाशावर टिंब मारल्यावरच त्यात खूण करायची. पुढची रात्र भाचा आखतो आहे.